पाठीमागून बोललेलं

"कुंडलिकराव, ती शिवशरणची गंमत सांगा की!"

असं कुणी म्हटलं की नागव्वाच्या दुकानातली चारही बाकडी जवळ सरकायची. दुकान शिंदीचं. सोलापुरात गिरणीच्या पाठीमागच्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली, दारात माठ मांडलेले. सकाळी उतरवलेली शिंदी दुपारपर्यंत आंबायची, फेसाळायची. पहिल्या पाळीचा सुटायचा भोंगा झाला की भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन माणसं तिथं येऊन टेकायची. नागव्वा पेले भरायची आणि पळसाच्या पानावर शेंगाची चटणी ठेवायची.

कुंडलिक आधी आढेवेढे घ्यायचा, मग सांगायचा. सांगायचा तो असा, की नव्या माणसाच्या नाकातनं शिंदी यायची. हसण्याचा कल्लोळ उठला की तो तिथंच थांबायचा आणि पेल्यात बघायचा. लोकांना वाटायचं, गोष्ट संपली. ती तिथं संपत नव्हती. पुढचं सगळं ठाऊक असलेली माणसं तीनच. एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तो बदलून दुसऱ्या गावच्या गिरणीत गेला. एक खुद्द शिवशरण, तो सोलापूर सोडून गेला. तिसरा कुंडलिक. आणि त्यानं गोष्टीला असं काही कुंपण घातलं होतं, की त्यातनं आत शिरायला कुणाला वाटच नव्हती.

कुंडलिक मूळचा मंगळवेढ्याकडचा. ज्या काळ्या रानात उभा माणूस दिसू नये एवढी ज्वारी वाढायची, त्या रानात बाहत्तर साली ढेकळांशिवाय काही उरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो सोलापुरात आला आणि गिरणीच्या फाटकाशी बदली म्हणून उभा राहू लागला. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी ज्याला आत घेतात, तो बदली. कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या घरी मयत झाली, की त्या दिवशी बदलीचं काम पिकलं. त्याला नाव नसतं. फाटकावर "ए बदली," खात्यात "ए बदली," आणि नागव्वाच्या दुकानात बाकड्याच्या टोकाला अर्धं ढुंगण टेकलं तरी, "ए बदली, सरक की जरा."

मायेनं हाक मारणारा एकटा शिवशरण होता. अक्कलकोटच्या बाजूचा, कानडी घरातला. पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या, मान ताठ. तो कुंडलिकला तम्मा म्हणायचा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यानंच कुंडलिकला मागावर उभं राहायला शिकवलं. आडवं सूत नेणारा धोटा कसा भरायचा, तुटलेली तार दोन बोटांत धरून गाठ कशी मारायची, आणि सगळ्यात आधी, बोलायचं कसं.

विणाईखात्यात शेकड्यांनी माग एकदम धडधडत. जमीन हलायची, दात वाजायचे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे, सावकाश, आणि समोरच्यानं ते बघायचे. चार माग पलीकडनं माणूस विचारायचा, भाकरीबरोबर काय आणलंस? इकडनं उत्तर जायचं, वांगं. सासूच्या चहाड्या, जॉबरच्या नकला, सगळं त्या गडगडाटात बिनआवाजी चालायचं. शिवशरण मराठी, कानडी, तेलुगू, तिन्ही भाषांचे ओठ वाचायचा.

"ऐकायला जाऊ नगंस, तम्मा," तो शिकवायचा. "बोलणं बघायचं असतंय."

एके दुपारी पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर शिवशरण पुढं चालला होता. मागनं टांगा आला. टांगेवाला ओरडला, कुंडलिकनं "अण्णा, अण्णा!" अशा दोन हाका घातल्या. शिवशरण आपल्या तंद्रीत चालतच राहिला. कुंडलिकनं धावत जाऊन त्याचा दंड धरून ओढलं, तेव्हा घोड्याचा फेस त्याच्या सदऱ्यावर उडाला. शिवशरणनं आधी घोड्याकडं बघितलं, मग कुंडलिकच्या तोंडाकडं. आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

लिंबाच्या झाडाखाली बसून त्यानं सांगितलं. तीस वर्षं माग ऐकले. सात वर्षांमागं उरलासुरला आवाजही गेला.

"मग खात्यात कुणाला कळलं कसं न्हाई?"

"कळायला काय? तितं सगळेच बहिरे."

"आन नागव्वाच्या दुकानात?"

शिवशरण मिशीतल्या मिशीत हसला. "तितं मीच बोलतो की. जो बोलत ऱ्हातो त्याला कोन काय इचारत न्हाई."

तेव्हा कुंडलिकला उमगलं. शिवशरण दुकानात नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसायचा. आला की बोलायला सुरुवात करायचा आणि उठेपर्यंत थांबायचा नाही. सगळे त्याला बोलका शिवशरण म्हणत, त्याच्या थापांवर जीव टाकत. एवढ्या बोलण्यापाठीमागं केवढी शांतता होती, हे कुंडलिकशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिवशरणनं त्याच्यापाशी एकच मागणं मागितलं. नुकतीच सुताच्या गोदामाला आग लागली होती. तेव्हापासनं खात्यात मोठी पितळी घंटा टांगलेली होती. त्या धडधडाटातही ती कानाला टोचायची. दर शनिवारी ती वाजवून बघत, आणि वाजली की प्रत्येकानं आपला माग थांबवायचा. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मागावरनं काढून आवारात झाडायला लावायचं, असा हुकूम होता. शिवशरणचे दोन माग पार कोपऱ्यात, भिंतीकडं. कुंडलिकला बहुतेक समोरचेच माग मिळत, आणि कोपऱ्यातनं शिवशरणला फक्त तोच दिसायचा.

"घंटा झाली की कपाळाला हात लाव," शिवशरण म्हणाला. "एवडंच कर. झाडू घेऊन त्याच फाटकात उबा ऱ्हायलो तर मी मेलो, तम्मा."

"लावतो की, अण्णा. त्यात काय?"

आणि वर्षभर त्यानं लावला. ज्या शनिवारी त्याला काम नसायचं, त्या शनिवारी शिवशरण आजारी पडायचा.

आता ती गंमत.

पंचाहत्तरचा जानेवारी. गड्ड्याची जत्रा दोन दिवसांवर आलेली. नागव्वानं दुकानाच्या भिंतींना चुना लावला होता आणि बाकडी ओढून मधोमध घेतली होती. शिवशरण दारात आला आणि थबकला.

"भित्ताड वलं हाय, अण्णा," नागव्वा म्हणाली. "मधी बसा."

तो मधी बसला. जन्मात पहिल्यांदा त्या दुकानात त्याची पाठ उघडी पडली. त्यानं नजरेनं कुंडलिकला शोधलं, समोर बस म्हणून. पण कुंडलिक त्या दिवशी आधीच तीन पेले रिचवून बसला होता आणि सगळ्यांबरोबर येडूकडं बघत होता.

येडू हा सांगोल्याकडचा धनगर. घोंगड्या विकायला शहरात यायचा आणि दुकानात मेंढराचा आवाज काढायचा. कोकरू, म्हातारी मेंढी, माजलेला बकरा, सगळे वेगवेगळे. बोळात बांधलेल्या शेळ्या दावी ताणायच्या. त्या दिवशी त्यानं व्यायला झालेल्या मेंढीचा आवाज काढला आणि लोक मांड्या थोपटत हसले. "येडूबा, जित्ता ऱ्हा!" असं कुणीतरी ओरडलं. कुंडलिकच्या मनात काहीतरी टोचलं. दोन वर्षं होत आली, तो त्या बाकड्यावर बसत होता. त्याला कुणी एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

त्याच्यापाशी ना मेंढराचा आवाज होता, ना थापा. दुसऱ्या कुणापाशी नाही अशी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती.

शिवशरणनं आपली चादरीची थाप सुरू केली होती. एका पैलवानाचे पाय चादरीबाहेर यायचे, म्हणून शिवशरणनं मागावर चादर घेतली. विणता विणता ती खात्याबाहेर गेली, फाटकाबाहेर गेली, आणि होटगी स्टेशनावर आगगाडीवाल्यांना वाटलं, नवी सडक आली. दर वेळी ही चादर होटगीला थांबायची.

कुंडलिक उठला आणि त्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला.

"अण्णा," तो मोठ्यानं म्हणाला, "धोतर सुटलंय तुमचं!"

दुकान गप्प झालं. शिवशरण हात हलवत होटगीकडं निघाला होता.

"अण्णा! गुरम्मावैनी आल्यात, हातात लाटणं हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. शिवशरणनं समोरची तोंडं हसताना बघितली आणि त्याला हुरूप आला. त्याला वाटलं, चादरीला हसतायत. त्यानं दोन्ही हात पसरले, आवाज चढवला.

"होटगीवरनं निघाली की चादर फुडं!"

"फुडं जाऊ द्या, धोतर मागंच ऱ्हायलंय!" पाठीमागनं कुंडलिक.

हास्याचा स्फोट झाला. येडू उठून आला, आणि शिवशरणच्या मानेशी तोंड नेऊन बकऱ्यासारखा ओरडला. शिवशरणला मानेवर ऊन श्वास लागला असेल. त्यानं तो माशीसारखा हातानं झटकला. लोक बाकड्यावरनं खाली आले. "कुंडलिक, लई भारी!" कुणीतरी ओरडलं, आणि ते नाव कुंडलिकच्या डोक्यात शिंदीपेक्षा जोरात चढलं.

त्या दिवशी चादर विजापूरपर्यंत गेली. एवढी लांब ती कधीच गेली नव्हती. शिवशरण घामाघूम झाला होता, डोळे चमकत होते. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं.

मग त्याच्या ध्यानात आलं, की माणसं हसताना आपल्याकडं बघत नाहीत. त्यांची नजर आपल्या डोक्याच्या वर आहे.

तो वळला.

"बहि..." एवढंच कुंडलिकच्या तोंडातनं निघालं होतं. ओठ मिटून उघडले होते आणि तसेच राहिले. पण तीस वर्षं ओठ वाचलेल्या माणसाला अर्धा शब्द पुरतो.

"पुरं कर की, तम्मा," शिवशरण शांतपणे म्हणाला. "अर्ध्यात का थांबलास?"

दुकान पुन्हा हसण्यानं फुटलं. कुंडलिक पुढं चार वर्षं जी गंमत सांगत आला, ती इथं संपते.

शिवशरणनं पेला संपवला, बाकड्यावर पालथा घातला आणि धोतराचा सोगा सावरून बाहेर पडला. धोतर नीटच होतं. तरी त्यानं जाताना एकदा चाचपून बघितलं. कोपऱ्यातल्या बाकड्यावर आबासाहेब जॉबर बसला होता. खात्यात मागांची वाटणी त्याच्या हातात. तो एकदाही हसला नव्हता. रुमालानं ओठ टिपत तो कुंडलिककडं बघत होता.

जत्रा आटोपल्यावर पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत माग बंद असताना आबासाहेबानं दोघांना खात्यात बोलावलं. त्याच्या हातात शाळेत असते तसली लहान घंटा होती.

"शिवशरण, तिकडं तोंड कर. ह्या बदलीकडं. घंटा वाजली की हात वर करायचा."

शिवशरण वळला. आता तो आणि कुंडलिक समोरासमोर. मधे चार हात जमीन, तीवर सुताची कतरण. एवढं मोठं खातं, आणि आवाज कसलाही नाही. शिवशरणच्या डोळ्यांत राग नव्हता. दुकानातली गोष्ट जणू त्यानं तिथंच पालथी घालून ठेवली होती. तो फक्त कुंडलिकच्या उजव्या हाताकडं बघत होता.

घंटा वाजली.

कुंडलिकचा हात हलला. निदान त्याला तसं वाटलं. मग त्याला शिवशरणच्या खांद्यावरनं आबासाहेबाचे डोळे दिसले. ते शिवशरणकडं बघतच नव्हते. रोज फाटकावर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे ठरवणारे ते डोळे होते.

शिवशरणनं ओठ हलवले, आवाज न करता. "वाजली का?"

कुंडलिकनं खाली बघितलं. आपल्या पायांकडं, कतरणीकडं. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. त्यानं मान वर केली नाही.

मग शिवशरणचा आवाज आला, भरल्या दुकानात यायचा तसाच खणखणीत.

"जॉबरसायेब, माजे माग ह्यालाच द्या. ह्याचे कान चांगले हायेत."

झाडू त्यानं हातात घेतला नाही. दोन दिवसांनी बायको गुरम्माला घेऊन तो कुंभारीला तिच्या भावाकडं राहायला गेला. कोपऱ्यातले दोन माग कुंडलिकला मिळाले. वर्षभरात तो कायम झाला. खात्यात कुंडलिक, दुकानात कुंडलिकराव. पहिले काही दिवस दुसरेच कुणीतरी ती गंमत सांगायचे, आणि सांगताना पुढं जायचे. मग काय झालं, त्याचे माग कुणाला मिळाले, असं. म्हणून कुंडलिकनं ती गोष्ट आपल्या ताब्यात घेतली. तो ती इतकी रंगवून सांगायला लागला, की दुसऱ्या कुणाची सांगायची छातीच होईना. ज्या वळणावर थांबायचं, तिथं तो थांबायचा.

एकोणऐंशी उजाडलं. जानेवारीतच, ज्ञानबा नावाचा नवा बदली दुकानात आला. चाळिशीचा, करमाळ्याकडचा, बुजरा माणूस. लोकांनी कुंडलिकला गळ घातली, आणि त्यानं गंमत सांगितली. ज्ञानबा पोट धरून हसला, डोळे पुसले, आणि साधेपणानं म्हणाला, "मग म्हातारा कुटं गेला वो?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कुंभारीला हाय," नागव्वा माठात पळी घालत म्हणाली. "गुरम्मा बाजाराला येती कवा कवा."

कुंडलिकनं ते उजव्या कानानं ऐकलं. डावा कान अलीकडं नुसताच गुणगुणायचा.

"काय म्हनती?" त्यानं विचारलं.

"काय म्हनंल? बरं हाय म्हनती." नागव्वानं त्याच्या पेल्याकडं बोट केलं. "तू ती गोष्ट सांगिटलीस की तुजी शिंदी तशीच ऱ्हाती बग. दर खेपंला वतून टाकते मी."

रविवारी कुंडलिक सायकलवर कुंभारीला गेला. वाटेत त्यानं काय बोलायचं ते घोकलं. अण्णा, घंटा वाजली होती. मी खाली बघितलं. माझं चुकलं. तीनच वाक्यं होती. हॅंडल धरून तो ती ओठांनी बोलत होता, खात्यात बोलायचा तशी, आवाज न करता.

रानातल्या खोपीपुढं गुरम्मा तुरीच्या काड्या मोडत होती.

"कोन पायजे?"

"गिरणीतनं आलोय."

तिनं कपाळावर हात धरून त्याला न्याहाळलं. "तम्मा का काय तुमी?"

त्यानं सायकल खोपीला टेकवली. तिनं ज्वारीकडं हात केला. "पाखरं राखत्यात. जावा."

ज्वारी हुरड्याला आली होती. मधोमध माळा होता, आणि माळ्यावर शिवशरण गोफण घेऊन बसला होता. मान तशीच ताठ, केस पांढरेशुभ्र. कुंडलिक पायवाटेनं निम्म्यावर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो पुन्हा पाठीमागूनच येत होता. तो मागं फिरला, बांधाला वळसा घालून, ताटांतनं अंग घासत, समोरच्या बाजूनं माळ्याखाली येऊन उभा राहिला.

शिवशरणनं त्याला बघितलं.

"बा, तम्मा, बा," तो म्हणाला. ये, ये. "वर ये. हुरडा खा."

कुंडलिक वर चढला. शिवशरणनं कणसं चोळून त्याच्या ओंजळीत हुरडा घातला आणि बोलायला लागला. यंदाचं दाणं कसं भरलंय, पोपट कुठल्या वक्ताला येतात, मेव्हण्याचा बैल किती आडमुठा आहे. डोळे रानावर. एकदाही त्यानं कुंडलिकच्या तोंडाकडं बघितलं नाही. कुंडलिक श्वास घ्यायचा, ओठ उघडायचा, आणि शिवशरण दुसऱ्या बैलावर जायचा. घटकाभर तो बोलत राहिला. जो बोलत राहतो त्याला कोण काय सांगणार?

शेवटी कुंडलिकनं त्याचं मनगट धरलं.

शिवशरण गप्प झाला. त्यानं मान वळवली, कुंडलिकच्या चेहऱ्याकडं पुरतं बघितलं, अगदी त्या शनिवारी बघितलं होतं तसं. कुंडलिकचे ओठ हलले.

"अण्णा, घंटा..."

शिवशरणनं डोळे मिटले.

घट्ट नव्हे. उन्हात बसलेला म्हातारा मिटतो तसे, अलगद. पण त्याच्यापुरतं जग तिथं बंद झालं. कुंडलिकच्या हातात त्याचं मनगट होतं, शिरेची उडी बोटांना लागत होती. तो बोलला. आधी नुसत्या ओठांनी, मग मोठ्यानं, मग रडत. घंटा वाजली होती, तिन्ही वेळा. मी खाली बघितलं. माग मीच चालवतो अजून. तुमची गंमत सांगून हसवतो लोकांना. सगळं बोलला. ऐकायला ज्वारी होती.

मनगट जरासं हललं, म्हणून तो थांबला. शिवशरणनं डोळे उघडले आणि रानाकडं बघितलं.

"झालं?" तो म्हणाला. "पाखरं बसली बग तिकडं."

तो उठला, गोफणीत खडा घातला आणि केवढ्यांदा तरी ओरडला. सगळा थवा एकदम उठला. मग तो कुंडलिककडं पाठ करून बसला.

बुधवारी दुकानात येडू घोंगड्या टेकवून बसला होता. ज्ञानबानं एक नवा माणूस आणला होता. "कुंडलिकराव, ती गंमत," तो म्हणाला, "ह्यास्नी ऐकायचीया."

कुंडलिकनं सांगितली. चादर विजापूरला गेली, शिवशरण वळला, पुरं कर की तम्मा म्हणाला. हसणं उठलं. ते विझेपर्यंत तो थांबला. आणि मग, पेल्याकडं न बघता, त्यानं पालथा घातलेला पेला सांगितला, चाचपलेलं धोतर सांगितलं, शनिवार सांगितला, आपला खाली राहिलेला हात सांगितला.

शिवशरणच्या मानेशी आपण कसं ओरडलो होतो, हे येडूला आठवलं असावं. तो घोंगडीची दशी ओढत बसला.

"ह्यात हसायचं कुटं व्हतं?" तो पुटपुटला.

ज्ञानबा आपला पेला घेऊन हळूच पलीकडच्या बाकड्यावर सरकला. नागव्वानं चटणीचं पान आणून पुढं ठेवलं आणि आत गेली. कुंडलिकचा पेला भरलेला होता, फेस खाली बसत होता. पुन्हा त्या दुकानात ती गोष्ट त्याला कुणी विचारली नाही.